दर्या, दऱ्या आणि विषयाला धरून बोलणे

फळ्यावर दोन शब्द लिहावेत. पहिला 'सूर्यमाळ'. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्याच्या डोंगराळ भागातले हे गाव. दुसरा शब्द 'दऱ्या'. त्या गावाच्या भोवती ज्या आहेत त्या. दोन्ही शब्दांत र आणि य एकापुढे एक आले आहेत, मध्ये स्वर नाही. पण पहिल्या शब्दात र हा य च्या डोक्यावर रफार होऊन बसला आहे, आणि दुसऱ्यात तो य च्या आधी एक लहानशी आडवी रेघ होऊन राहिला आहे. मराठी लिहायला शिकलेले मूल हा फरक सहज करते. संगणकाला मात्र तो सांगावा लागतो. तो कसा सांगावा, या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे संगणकाच्या जगात होऊन बसली आहेत, आणि दोन्ही आजही चालू आहेत.

या निमित्ताने आम्हांला परीक्षण करायचे आहे ते एका नियमाचे. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या समुदायांत तांत्रिक चर्चेसाठी एक शिस्त पाळली जाते: विषयाला धरून बोलावे. वेगवेगळ्या देशांत राहणारी, बहुधा एकमेकांना कधी न भेटलेली माणसे फावल्या वेळात एकत्र काम करतात, तेव्हा वेळ हीच त्यांची पुंजी असते आणि ती वायफळ बोलण्यात घालवणे परवडत नाही. नियम योग्यच आहे. आमची तक्रार आहे ती 'विषय' ओळखण्याच्या रीतीबद्दल. जो परिभाषेत बोलतो तो विषयावर आहे, आणि जो साध्या भाषेत आपली अडचण सांगतो तो विषय सोडून बोलतो, असा एक समज या नियमाच्या आड लपून राहतो. अर्ध्या र चे प्रकरण हा समज तपासून पाहायला फार सोयीचे आहे.

प्रथम भाषेची बाजू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. पालघर जिल्ह्यात हे दोन्ही आहेत. पश्चिमेला कोळ्यांचा दर्या, पूर्वेला जव्हार-मोखाड्याच्या दऱ्या. उच्चार सावकाश करून पाहावा. 'दर्या' म्हणताना र हा द ला चिकटतो: दर्-या. द वर आघात येतो आणि छंदाच्या हिशेबात तो गुरू होतो. 'दऱ्या' म्हणताना र पुढच्या य कडे झुकतो: द-ऱ्या. द वर आघात येत नाही, तो लघूच राहतो. म्हणजे फरक वळणाचा नाही, उच्चाराचा आहे आणि म्हणून अर्थाचा आहे. 'आचार्यांना' बोलावले तर गुरुजन येतील, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाकी येतील. भौतिकशास्त्राच्या तासाला 'डोक्यावरील भाऱ्याचे वजन' असे उदाहरण घालायचे असेल आणि छापणाऱ्याने 'भार्याचे' केले, तर वर्गात जे होईल ते आम्ही वेगळे सांगत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात हा अर्धा र पानोपानी भेटतो: वाऱ्याचा वेग, ताऱ्यांचे अंतर, पाऱ्याची पातळी, झऱ्याचे पाणी. ढोबळ रीत अशी की मराठी शब्दाच्या शेवटच्या र ला प्रत्ययापूर्वी 'या' लागला की अर्धा र येतो. सूर्य, कार्य, पर्यावरण अशा तत्सम शब्दांत रफार येतो. ह च्या आधीही अर्धा र येतो: कुऱ्हाड, गुऱ्हाळ, कऱ्हाड. आणि ज्या शब्दाने व्याकरण शिकवायला सुरुवात होते त्या 'ऱ्हस्व' मध्ये तर तो शब्दाच्या आरंभीच आहे. तेथे रफार काढला तर शब्द वाचताच येत नाही.

आता यंत्राची बाजू. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराला दिलेला क्रमांक साठवतो. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' नावाचे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठीच्या 'युनिकोड' या प्रमाणकाची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडचे एक मूळ तत्त्व असे की क्रमांक अक्षराला द्यायचा, अक्षराच्या आकाराला नाही. क चा पाय मोडलेला आकार, जोडाक्षरात अडकलेला आकार, छापखान्यातला आणि हस्ताक्षरातला आकार, या सर्वांचा क्रमांक एकच. दोन अक्षरांच्या मध्ये हलन्ताचे चिन्ह आले की पुढचे काम फॉण्ट करतो. तत्त्व उत्तम आहे. त्यामुळेच देवनागरीची शेकडो जोडाक्षरे थोड्याशा क्रमांकांत बसली.

या तत्त्वाप्रमाणे र, हलन्त आणि य असे तीन क्रमांक ओळीने ठेवले की पडद्यावर रफार उमटतो. मग दऱ्या कशा लिहायच्या? युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीत उत्तर होते: र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, मग य. या जोडचिन्हाला रुंदी नाही. 'पुढच्याशी जोडण्याजोगा आकार दाखव' एवढेच ते फॉण्टला सांगते. पुढे इस्की प्रमाणकाशी मेळ घालून दुसरे उत्तर आले: साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. हा ऱ मुळात द्राविड भाषांतील एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला आहे, मराठी शब्दांत तो पूर्ण अक्षर म्हणून येत नाही. त्याचे अर्धे रूप मात्र आमच्या दऱ्यांच्या कामी आले. जुन्या आवृत्तीप्रमाणे लिहिलेला मजकूर वाया जाऊ नये म्हणून पहिली रीतही प्रमाणकात राहिली.

कागदावर छापल्यावर दोन्ही रीती हुबेहूब सारख्या दिसतात. अडचण छपाईनंतर सुरू होते. एका रीतीने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधला तर अनेक ठिकाणी सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. याहून गंभीर गोष्ट जोडचिन्हाची आहे. ते दिसण्यापुरतेच आहे, अर्थ बदलणारे नाही, असे धरून शोधताना किंवा शब्द अकारविल्हे लावताना त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा सॉफ्टवेअरला आहे. इंटरनेटवरील नावांसाठी २००३ मध्ये ठरलेल्या नियमांत तर ते सरळ गाळले जाई. हलन्तानंतर ते राहू देण्याची सोय २०१० च्या नियमांत झाली. जोडचिन्ह गळाले की दऱ्यांचा दर्या होतो. अर्थाचा भार अशा चिन्हावर टाकला गेला की ज्याला वाटेत टाकून देण्याची परवानगी इतरांना आधीच दिलेली होती. एकदा ठरलेले क्रमांक आणि त्यांच्यातील समानतेचे नियम मागाहून बदलायचे नाहीत, असे युनिकोडचे धोरण आहे. ते नसते तर जुने दस्तऐवज वाचताच आले नसते. म्हणून या दोन रीती आता कायमच्या आहेत.

येथे शिस्तीच्या प्रश्नाकडे येऊ. सॉफ्टवेअरच्या जगात भरकटलेल्या चर्चेला 'सायकलशेड' म्हणण्याची पद्धत आहे. मूळ गोष्ट सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांच्या १९५७ मधील पुस्तकातली. एका समितीपुढे अणुभट्टीचा प्रचंड खर्च येतो आणि काही मिनिटांत मंजूर होतो, कारण त्यातले कोणालाच काही कळत नाही. सायकली ठेवण्याच्या शेडवर मात्र दीर्घ चर्चा होते, कारण शेड सर्वांनाच कळते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीच्या घडवणाऱ्यांत 'स्लीप' या छोट्या आज्ञेवरून वाद झाला. ठरावीक सेकंद थांबण्याची ही आज्ञा. तिने सेकंदाचे अपूर्णांकही स्वीकारावेत का, एवढाच मुद्दा. तेव्हा पोल-हेनिंग काम्प यांनी सहकाऱ्यांना ही सायकलशेड आठवून दिली, आणि त्या गोष्टीचा संगणकाच्या जगात प्रसार झाला.

गोष्ट मार्मिक आहे यात शंका नाही. शिक्षकांच्या सभांना जो बसला आहे त्याला तिचा प्रत्यय वेगळा द्यायला नको. पण तिचा वापर कसा होतो ते पाहावे. शेड क्षुल्लक आणि भट्टी महत्त्वाची, हे गोष्टीत आधीच ठरलेले असते. लेखकच ते सांगतो. प्रत्यक्ष चर्चेत ते कोण सांगणार? ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला य च्या आधीची ती आडवी रेघ शेडच्या रंगासारखीच वाटणार. इंग्रजीत तिला पापणीची उपमा देऊन ओळखतात, यातच तिचे दिसणे किती किरकोळ वाटते ते आले. मराठी वाचणाऱ्याला मात्र ती अणुभट्टी आहे. म्हणजे 'हा सायकलशेडचा वाद आहे' हे वाक्य निर्णय नसून एक दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. पुराव्याशिवाय तो केला की विषयांतर टाळण्याच्या नावाखाली विषयच टाळला जातो.

मग विषयावरचे बोलणे ओळखायचे कसे? आमची कसोटी साधी आहे. ज्या विधानाने पुढ्यातल्या प्रश्नाचे उत्तर बदलू शकते ते विषयावरचे. ज्याने ते बदलू शकत नाही ते विषयाबाहेरचे, मग ते कितीही खरे, कितीही तांत्रिक असो. 'माझ्या वर्गातली मुले हे दर्या असे वाचतात' हे एका शिक्षिकेचे वाक्य अगदी विषयावरचे आहे, कारण फरक आकाराचा नसून अर्थाचा आहे हे त्याने सिद्ध होते. 'अलीकडचा चांगला फॉण्ट वापरा' हे जाणकाराचे वाक्य तांत्रिक असूनही बाहेरचे आहे, कारण गळालेले जोडचिन्ह कोणताही फॉण्ट परत आणू शकत नाही.

ही कसोटी आपल्या बाजूलाही लावली पाहिजे, आणि तेथे आपले लोक फारसे उजवे ठरत नाहीत. मराठी आणि संगणक हा विषय निघाला की थोड्याच वेळात चर्चा हिंदीच्या आक्रमणावर, इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर आणि शासनाच्या उदासीनतेवर जाते. यांतले प्रत्येक दुःख खरे असू शकेल. पण त्याने र, हलन्त आणि य यांचे काय करायचे हे ठरत नाही. शिवाय अर्धा र हा केवळ मराठीचा म्हणून अभिमानाने सांगितला जातो, तेव्हा नेपाळीतही तो रोजच्या लेखनात आहे हे लक्षात राहत नाही. ते लक्षात आले असते तर अभिमान थोडा कमी झाला असता आणि आपल्या बाजूला एक भाषा वाढली असती. पुरावा देतानाही शिस्त हवी. सूर्या ही पालघर जिल्ह्यातली नदी; म्हणून कोणी 'सूर्या' आणि 'सुऱ्या' ही जोडी उत्साहाने पुढे करील. ती देऊ नये. तिच्यात सू दीर्घ आणि सु ऱ्हस्व असा दुसराही फरक आहे, आणि समोरचा माणूस म्हणेल की शब्द त्यावरूनच ओळखू येतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोडीत फरक एकच आहे. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो.

या कसोटीने दोन जवळजवळचे प्रश्न कसे वेगळे होतात ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रमाणीकृत देवनागरी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ल आणि श यांच्या मराठी वळणाचा आग्रह धरला आहे. हिंदी वळणाचे ल आणि श डोळ्यांना खटकतात ही भावना आम्हांलाही आहे. पण वळण बदलल्याने कोणताही शब्द दुसरा शब्द होत नाही. म्हणून हा प्रश्न क्रमांकांचा नाही, फॉण्टचा आहे. मजकूर मराठी आहे असे कळल्यावर मराठी वळण दाखवण्याची सोय फॉण्टमध्ये करता येते. भावना दोन्हीकडे सारखीच तीव्र, पण एक प्रश्न एका टेबलावर जायला हवा आणि दुसरा दुसऱ्या. चर्चा चालवणाऱ्याचे खरे काम हेच आहे: माणसाला गप्प न करता त्याचा प्रश्न योग्य टेबलावर पोचवणे.

एक अपवाद येथे नोंदवला पाहिजे, कारण तो आमच्या कसोटीला छेद देतो. ॲसिड, ॲल्युमिनिअम यांतील ॲ. युनिकोडमध्ये पूर्वी ए वर चंद्र दिलेला ऍ तेवढा होता. अ वर चंद्र दिलेल्या मराठी ॲ ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. या दोहोंनी अर्थ बदलतो असे म्हणता येणार नाही. तरी अ आणि ए ही मुळातच दोन अक्षरे, तेव्हा त्यांच्यावर चंद्र दिल्याने ती एक होत नाहीत, असा युक्तिवाद करता येतो आणि तो आम्हांला पटतो. पण तो वेगळा युक्तिवाद आहे, हे कबूल करायला हवे.

चर्चेच्या शिस्तीचे चांगले नमुनेही आहेत. इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या 'इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स' या मंडळात प्रत्येक कार्यगटाला लेखी कार्यकक्षा असते: कोणते काम करायचे आणि ते कोणत्या टप्प्यांनी. काम झाले की गट विसर्जित होतो. विषय आधीच कागदावर असल्यामुळे 'हे विषयात बसते का' या वादाला अध्यक्षाची मर्जी लागत नाही. याच मंडळाच्या २०१४ मधील एका टिपणात सहमती म्हणजे काय याचा विचार केला आहे. त्याचा आशय असा की हात वर करून मोजणी करू नये. शंभर जण बाजूने आणि पाच विरुद्ध असले तरी त्या पाचांच्या आक्षेपाला उत्तर दिले गेले नसेल तर सहमती झाली असे समजू नये. उलट पाचच जण बाजूने असले आणि शंभर जणांच्या आक्षेपाचे नीट निरसन झालेले असेल, तर सहमती होऊ शकते. आम्हांला हे टिपण फार मोलाचे वाटते. देवनागरी वापरणाऱ्यांत हिंदी लिहिणारे किती आणि मराठी लिहिणारे किती, अशी मोजणी केली असती तर दऱ्यांना कधीच जागा मिळाली नसती. 'दर्या' आणि 'दऱ्या' ही एक जोडी मात्र मोजणीची पर्वा करत नाही. तिला उत्तर द्यावेच लागते.

पायथन या संगणक भाषेच्या समुदायात आणखी एक चांगली रीत आहे. भाषेत बदल सुचवणाऱ्याने लेखी प्रस्ताव मांडायचा आणि त्यात नाकारलेले पर्याय, ते का नाकारले या कारणांसह, नोंदवायचे. म्हणजे तोच मुद्दा दर पावसाळ्यात नव्याने उगवत नाही. पण रीत असली म्हणजे शिस्त राहतेच असे नाही. २०१८ मध्ये एका नव्या चिन्हाच्या प्रस्तावावर पायथनमध्ये इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यावर त्याच जुलै महिन्यात भाषेचे जनक गिडो व्हान रोसम यांनी निर्णय देण्याच्या भूमिकेतून स्वतःला बाजूला केले. तेथे चर्चा विषय सोडून गेली नव्हती. सर्वजण त्या चिन्हाविषयीच बोलत होते. तेच आक्षेप उत्तर मिळाल्यानंतरही पुन्हा पुन्हा येत राहिले, तर विषयाला धरून केलेली चर्चाही माणसाला थकवते. विषयाला धरून बोला, एवढ्याच नियमात हे बसत नाही, आणि ती त्या नियमाची आणखी एक उणीव आहे.

शाळेत हे करून पाहता येईल. 'सूर्यमाळच्या दऱ्यांत वाऱ्याचा जोर असतो' हे वाक्य मुलांनी संगणकावर आणि फोनवर, जो जो कळफलक हाताशी असेल त्यावर, टाईप करावे. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र जेथे आहे त्याच कळीवर, शिफ्ट धरून, टिंबाचा ऱ मिळतो. त्याला हलन्त आणि य जोडला की ऱ्य उमटतो. मग एका यंत्रावर टाईप केलेला 'दऱ्यांत' हा शब्द दुसऱ्या यंत्रावर टाईप करून मजकुरात शोधावा. हेच वाक्य संदेशातून पाठवावे, तक्त्यात घालावे, फाइलच्या नावात घालावे. प्रत्येक ठिकाणी 'चालते' किंवा 'चालत नाही' असे लिहून थांबू नये; कोणत्या यंत्रावर, कोणत्या कळफलकाने, कोणत्या आज्ञावलीत पडद्यावर काय उमटले ते जसेच्या तसे वहीत उतरवून ठेवावे.